अनुराधपुराचे चार रस्ते

एखाद्या प्राचीन नगराचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे आपले विद्वान प्रथम राजांची वंशावळ मांडतात, मग तटबंदी, मग मंदिरे आणि जागा उरलीच तर शेवटी बाजारपेठ. रस्ता हा त्यांच्या लेखी दोन वास्तूंमधील रिकामी जागा असते. परंतु समाजाची परीक्षा या रिकाम्या जागेतच होते. राजवाड्यात सामान्य माणसाला प्रवेश नव्हता असे सांगितल्याने आपल्या ज्ञानात फारशी भर पडत नाही. रस्त्यावरून कोण चालत होते, कोणाला पाहून कोण बाजूला होत होते, चौकात कोणाला बसता येत होते, हे कळले म्हणजे ते नगर कळू लागते. याची साक्ष देणारा मात्र बहुधा परका, एकटा आणि पायी चालणारा असावा लागतो. लव्याजम्यासह जाणाऱ्यासाठी रस्ता आधीच मोकळा केलेला असतो. त्याला तो जसा असतो तसा दिसतच नाही.

ऋषिपतनातून पहिल्या साठ अर्हतांना चारिकेसाठी निरोप देताना तथागतांनी, दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये, असे सांगितले. विनयपिटकातील महावग्गात हा प्रसंग आला आहे. धम्म अधिकाधिक दिशांना पोहोचावा म्हणून ही सूचना, असा तिचा अर्थ लावतात व तो योग्यच आहे. पण तिचा आणखी एक परिणाम झाला, तिकडे लक्ष दिले जात नाही. एकट्या भिक्खूपाशी ना संघाचे बळ असते, ना शिदोरी. दुपारच्या आत पात्रात काही पडले तर पडले. ज्या वस्तीत तो शिरतो त्या वस्तीच्या भल्याबुऱ्या वागण्याशी त्याचा थेट संबंध येतो. बौद्ध साहित्यातील नगरवर्णनांत गल्लीबोळ, वेशी, चौक आणि उंबरे इतक्या वेळा येतात याचे कारण हेच असावे.

अशा पादचाऱ्यांपैकी एकाच्या एका मुक्कामाचा विचार येथे करावयाचा आहे. हा पादचारी म्हणजे चिनी भिक्खू फाहियान. नगर सिंहलद्वीपाची राजधानी अनुराधपूर, काळ इ.स. ४१० च्या सुमाराचा.

फाहियान इ.स. ३९९ मध्ये चांगआन येथून निघाला तेव्हा त्याचे वय साठीच्या आसपास वा त्याहून अधिक होते असे मानतात. चीनमध्ये विनयाचे ग्रंथ अपुरे होते. ते मिळवावे एवढाच त्याचा हेतू होता. निघताना चार सोबती होते, वाटेत आणखी काही मिळाले. वाळवंट ओलांडताना, बर्फाचे डोंगर चढताना ही मंडळी एकेक करून कमी होत गेली. काही परतले. हुई-चिंग नावाचा सोबती बर्फाळ डोंगरात फाहियानाच्या डोळ्यांदेखत मरण पावला. शेवटचा सोबती ताओ-चेंग पाटलिपुत्रापर्यंत आला, तेथील संघाची शिस्त पाहून भारावला आणि परत न जाण्याचे ठरवून तेथेच राहिला. मूळ हेतू विनय चीनमध्ये नेण्याचा होता; म्हणून फाहियान एकटाच पुढे निघाला. ताम्रलिप्तीला दोन वर्षे राहून त्याने सुत्ते उतरवून घेतली, प्रतिमांची चित्रे काढली आणि हिवाळ्याच्या आरंभी एका व्यापारी जहाजात बसून चौदा दिवसांनी तो सिंहलद्वीपाला पोहोचला.

तेथे तो दोन वर्षे राहिला. त्याचे वृत्तांतलेखन अतिशय आटोपशीर आहे. दिवसवार रोजनिशी त्यात नाही. तथापि त्याने टिपलेल्या गोष्टी नगराच्या नकाशावर मांडल्या तर एका दिवसाच्या फेरफटक्याचा मार्ग सहज उभा राहतो.

प्रथम हवा. ज्या देशातून तो आला तेथे वर्षाचे चार भाग ठळक असतात. येथे थंडी व उन्हाळा यांत काही भेद नाही, झाडे सदा हिरवी असतात आणि पेरणीला ठरावीक ऋतू नाही, वाटेल तेव्हा पेरावे, याची त्याने आश्चर्याने नोंद केली आहे. अनुराधपूर हे बेटाच्या कोरड्या भागात आहे; तेथील हिरवेपणा आभाळापेक्षा तळ्यांवर अवलंबून होता. अभयवापी, तिस्सवापी ही तळी फाहियान येण्याच्या कित्येक शतके आधी बांधली गेली होती. हे त्याने सांगितलेले नाही. भिक्षापात्र घेऊन जाणाऱ्याला शेत दिसते, पाटबंधारा कुठला ते दिसत नाही.

नगराच्या उत्तरेस अभयगिरी विहार. तेथील स्तूप चारशे हात उंच व सोन्यारुप्याने मढविलेला असल्याचे तो सांगतो आणि विहारात पाच हजार भिक्खू राहत असल्याची नोंद करतो. येथील एका दालनात हिरव्या जेड पाषाणाची, वीस हातांहून उंच बुद्धमूर्ती होती. फाहियानाच्या संपूर्ण वृत्तांतात स्वतःविषयी अगदी थोडे आहे. त्यातील सर्वांत हृद्य भाग या मूर्तीपाशी घडतो. देश सोडून कित्येक वर्षे झाली होती. ज्यांच्याशी बोलायचे ते सारे परके, डोंगर-नद्या-झाडे परकी, सोबती मेलेले किंवा मागे राहिलेले. अशात एके दिवशी त्या मूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने पांढऱ्या रेशमाचा पंखा अर्पण केलेला त्याने पाहिला. तो पंखा चीनमधला होता. म्हाताऱ्या भिक्खूचे डोळे आपोआप भरून आले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याला गहिवर आला तो एकटेपणामुळे. नगराने त्याला दूर ठेवले म्हणून नव्हे. या दोन्हींत फार अंतर आहे आणि पुढे आपणांस त्या अंतराचाच विचार करावयाचा आहे.

विहारातून बोधिवृक्षाकडे. मध्यदेशातून आणून लावलेल्या या वृक्षाची एक बाजू कलली होती व तिला आधाराचा खांब दिला होता असे तो लिहितो. त्याखाली प्रतिमागृह, तेथे लोकांची सततची ये-जा. तेथून नगरात शिरल्यावर दंतधातूचे मंदिर. मग श्रेष्ठींची आणि ‘साबो’ व्यापाऱ्यांची घरे. हे साबो म्हणजे अरबस्तानातील सबा प्रदेशाचे लोक असावेत असे बहुतेक भाषांतरकार मानतात. घरे देखणी, गल्ल्या आणि रस्ते सपाट व नीट राखलेले. एवढे सांगून फाहियान जे पुढचे वाक्य लिहितो त्यासाठी हा लेख आहे. नगराच्या चार मुख्य रस्त्यांच्या तोंडाशी धम्मश्रवणाची सभागृहे बांधलेली होती. महिन्याच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पौर्णिमा-अमावास्येला तेथे बिछायती अंथरीत, उच्चासन मांडीत आणि चारही परिषदा, म्हणजे भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका, एकत्र जमून धम्म ऐकीत.

लेग यांच्या १८८६ च्या इंग्रजी भाषांतरात ‘चार परिषदा’ हा शब्द काहीसा पुसट झाला असून तेथे सर्व बाजूंनी येणारे भिक्खू व सामान्यजन असा अर्थ उतरला आहे. मूळ चिनी शब्द मात्र पारिभाषिक आहे व पालीतील ‘चतस्सो परिसा’ या संज्ञेचाच तो पर्याय होय. तिच्यातील विभागणी वर्णांची नाही. प्रव्रजित व गृहस्थ, पुरुष व स्त्री, एवढाच भेद तिला ठाऊक आहे. आणि हे सभागृह कोठे? तटाबाहेर नाही, राजवाड्याच्या आवारात नाही. ज्या ठिकाणाहून बैलगाडी, पाणक्या, व्यापारी, भिकारी सगळेच जातात त्या ठिकाणी. या स्थाननिश्चितीला सुत्ताचाही आधार आहे. महापरिनिब्बान सुत्तात आनंदाने तथागतांच्या देहधातूंविषयी विचारले असता स्तूप चार महापथांच्या संगमावर उभारावा असे उत्तर मिळते. पालीत त्याला ‘चातुम्महापथे’ म्हटले आहे. कोणी उपासक खास वाट वाकडी करून यावा अशी ती जागा नव्हे. जाता येता ज्याला त्याला दिसावी अशी आहे.

याच वृत्तांतात मथुरेच्या दक्षिणेकडील मध्यदेशाचे वर्णन आहे. तेथे त्याने निराळा रस्ता पाहिला. चांडाळांना लोक दुष्ट मानीत, त्यांची वस्ती इतरांपासून वेगळी होती आणि नगराच्या वेशीत किंवा बाजारात शिरताना ते लाकूड वाजवीत. तो आवाज ऐकून लोक सावध होत व स्पर्श टाळण्यासाठी बाजूला सरत. त्याच प्रदेशात न्याय सौम्य होता, देहदंड नव्हता, प्रजा सुखी होती, असेही फाहियान सांगतो. गुप्तकाळाला सुवर्णयुग म्हणणाऱ्या आमच्या पाठ्यपुस्तकांनी हा दुसरा भाग पिढ्यान्‌पिढ्या शिकविला आणि लाकडाचा आवाज एका ओळीत आटोपला. दोन्ही वाक्ये एकाच पादचाऱ्याची आहेत.

फाहियानाच्या या उताऱ्याचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात (मराठी वाचकांस तो ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ म्हणून परिचित आहे) केला आहे. विशेष हे की, इतका सोयीचा वाटणारा पुरावा त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. चांडाळाचा विटाळ मानण्याची ब्राह्मणी परंपरा जुनी आहे. अपवित्र मानणे आणि एका मोठ्या समाजाला कायमचे अस्पृश्य ठरविणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. त्यानंतर त्यांनी इ.स. ६२९ मध्ये प्रवासास निघालेल्या ह्युएनत्संगाची साक्ष काढली. खाटीक, कोळी, डोंबारी, मांग, भंगी यांसारखे धंदे करणाऱ्यांची घरे खुणा करून नगराबाहेर ठेवलेली असत आणि ये-जा करताना ते रस्त्याच्या डाव्या कडेने दबून चालत, असे तो चिनी पंडित सांगतो. गुप्त राजांच्या काळात गोवध हा देहदंडाचा अपराध ठरला हा दुवा त्यांनी याला जोडला आणि अस्पृश्यतेचा उगम इ.स. ४०० च्या सुमारास, बौद्ध धम्म व ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षातून झाला, असा निष्कर्ष काढला. पुढील काळात विवेकानंद झा यांच्यासारख्या संशोधकांनी या प्रक्रियेचे वेगवेगळे टप्पे पाडून निराळी मांडणी केली आहे. कालनिश्चितीची चर्चा चालू राहील. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढेच की, बाबासाहेबांनी निश्चित केलेले वर्ष आणि फाहियान घरून निघाल्याचे वर्ष यांत फक्त एका वर्षाचे अंतर आहे. रस्ता बदलत असतानाच हा म्हातारा त्यावरून चालत होता.

त्या लाकडाचा आवाज पुढे थांबला नाही. सातव्या शतकातील बाणाच्या ‘कादंबरी’त चांडाळकन्या पोपट घेऊन शूद्रक राजाच्या सभेत येते तेव्हा हातातील वेळूची काठी फरशीवर आपटून आपण आल्याचे कळविते; कवीने तो प्रसंग सौंदर्याचा म्हणून रंगविला आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला खराटा आला. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या १९३६ च्या भाषणात त्याचा उल्लेख केला आहे. १९२४ मध्ये वायकोम येथे जो सत्याग्रह झाला तो मंदिरप्रवेशाचा नव्हता. मंदिराभोवतालच्या रस्त्यांवरून चालण्याचा होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या मागून लोक चवदार तळ्याकडे रांगेने चालत गेले, तेही गावाच्या रस्त्यावरूनच.

मग अनुराधपुराला निर्दोष ठरवावे काय? पालीचा अभ्यासक असे करू शकत नाही, कारण सिंहलाचा इतिहास सांगणारा ‘महावंस’ त्याच्या हाताशी असतो. त्याच्या दहाव्या परिच्छेदात पंडुकाभय राजाने वसविलेल्या अनुराधपुराची रचना आली आहे. नगर झाडण्यासाठी पाचशे चांडाळ, गटारे साफ करण्यासाठी दोनशे, प्रेते वाहण्यासाठी दीडशे आणि स्मशान राखण्यासाठी दीडशे नेमले गेले. त्यांचे गाव स्मशानाच्या वायव्येस आणि त्यांची स्वतःची, खालची, स्मशानभूमी त्या गावाच्या ईशान्येस. पंडुकाभय हा महिंद थेरांच्या आधीचा राजा; तेव्हा ही व्यवस्था धम्म पोहोचण्यापूर्वीची आहे असे म्हणता येईल. परंतु महावंस रचला गेला तो फाहियानाच्या भेटीनंतरच्या काळात, महाविहाराच्या परंपरेतील भिक्खूकडून, आणि हे आकडे देताना त्याची लेखणी कोठेही अडखळत नाही. फाहियानाने ज्या गल्ल्यांच्या स्वच्छतेची वाखाणणी केली त्या कोण झाडीत होते, याचे उत्तर या यादीत शोधावे लागते. मथुरेत आवाज झाला म्हणून त्याने मान वळवून पाहिले. झाडणारे पहाटे, निमूटपणे झाडून जात असतील तर पाहुण्याला ते दिसणार नाहीत. त्याच्या मौनावरून अनुराधपुरात चांडाळगाव नव्हते असा निष्कर्ष काढणे म्हणजे इतिहास नव्हे, भक्ती होय.

त्याच महावंसात दुसरीही गोष्ट आहे. दुट्ठगामणी राजाचा एकुलता पुत्र साली याने अशोकमाला नावाच्या चांडाळकन्येशी विवाह केला आणि राज्याची अभिलाषा सोडली. गादी चुलत्याकडे, सद्धातिस्साकडे गेली. ग्रंथकार या प्रेमाला पूर्वजन्मीच्या संबंधाचा आधार देतो, पण राजपुत्राला दोष देत नाही. तथापि चांडाळ राणी आणि सिंहासन या दोहोंना एकत्र स्थान मिळाले नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. एका बौद्ध समाजाने जातीचे विष पचविले नव्हते. फार तर त्याची धार कमी केली होती. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब कँडीला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी कोलंबोतील अस्पृश्य बांधवांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. म्हणजे बुद्धाच्या बेटावर दीड हजार वर्षांनंतरही तशी माणसे होतीच.

येथे प्रश्न असा उरतो की, चौकातील सभागृह आणि नगराबाहेरील चांडाळगाव यांपैकी धम्माचे कोणते? याचा निर्णय राजाच्या नगररचनेवरून करू नये; भिक्खूच्या पावलांवरून करावा. धुतांगांपैकी एकाचे नाव ‘सपदानचारिकंग’ असे आहे. भिक्षेसाठी निघालेल्याने ओळीने प्रत्येक घरी जावे, मधले घर गाळू नये, हे त्याचे सार. उदान ग्रंथात महाकस्सप थेरांची कथा आली आहे. आजारातून उठल्यावर ते राजगृहात भिक्षेला निघाले असता देवता पुण्यासाठी पुढे आल्या. त्यांना नाकारून थेर कोठे गेले ते सुत्त नेमकेपणाने सांगते: दरिद्री लोकांच्या गल्लीत, दीनांच्या गल्लीत, विणकरांच्या गल्लीत. पालीत ‘दलिद्दविसिखा, कपणविसिखा, पेसकारविसिखा’ असे शब्द आहेत. राजगृहाच्या सामाजिक भूगोलाचा इतका थेट पत्ता मला अन्यत्र क्वचितच आढळला आहे.

त्याच राजगृहाच्या रस्त्यावर सुनीत भेटतो. फुलांचा केर झाडणारा हा गरीब, नीच मानलेल्या कुळातला माणूस कावड घेऊन जात असता भिक्खुसंघासह येणारे तथागत त्याला दिसले. थेरगाथेतील त्याच्या गाथा आणि त्यांवरील अट्ठकथा एकत्र वाचल्या म्हणजे चित्र पूर्ण होते. बाजूला व्हायला जागा नव्हती, तेव्हा कावड भिंतीशी ठेवून तो भिंतीला चिकटून हात जोडून उभा राहिला. रस्त्याचा नियम त्याने पाळला. नियम मोडला तो समोरून येणाऱ्याने. सुनीताच्या आठवणीत मुख्य क्रियापद ‘अट्ठासि’ हे आहे: ते थांबले. प्रव्रज्या, अर्हत्पद हे सारे त्यानंतरचे. याच्या उलट मातंग जातकात वाराणसीच्या श्रेष्ठीची कन्या दिट्ठमंगलिका चांडाळ दृष्टीस पडला म्हणून सुगंधी पाण्याने डोळे धुते आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरते. मेजवानी हुकलेली मंडळी त्या चांडाळाला बेदम मारतात. तो चांडाळ बोधिसत्त्व आहे. जातकांची ही गद्यकथा आज ज्या रूपात आपल्यापुढे आहे ते रूप तिला सिंहलातील अट्ठकथा-परंपरेतच मिळाले. फाहियान सांगतो की, दंतधातूच्या मिरवणुकीआधी अनुराधपुराच्या रस्त्याच्या दुतर्फा बोधिसत्त्वाच्या पाचशे जन्मांची रूपे रंगवून मांडीत. त्याने नावे दिली आहेत ती सुदान, साम, गजराज अशी. मातंगाचे नाव त्यात नाही.

आणि फाहियानाच्या मागोमाग, महानाम राजाच्या काळात, आचार्य बुद्धघोष याच नगरातील महाविहारात येऊन ‘विसुद्धिमग्ग’ लिहितात. त्यात सपदानचारिकेचे नियम बारकाईने दिले आहेत. वेशीशी थांबून धोका नाही ना हे पाहावे. ज्या गल्लीत धोका असेल ती सोडण्यास मुभा आहे. जेथे कधीच काही मिळत नाही ते घरही सोडता येते. परंतु जेथे थोडेसे का होईना मिळते ते घर ओलांडून पुढे जाता येत नाही. घर कोणाचे, हा प्रश्न या नियमांत येतच नाही. फाहियान व बुद्धघोष यांची भेट झाल्याचे कोठे नमूद नाही. एक अभयगिरीशी जोडलेला, दुसरे महाविहाराचे, आणि दोन विहारांत सख्य नव्हते. पण सभागृह आणि हा नियम एकाच नगरातले, एकाच पिढीतले आहेत.

परतीच्या प्रवासात फाहियानाला स्वतःला रस्ता नाकारला जाण्याची वेळ आली. यवद्वीपाहून चीनकडे जाणारे जहाज वादळात सापडले तेव्हा जहाजावरील ब्राह्मणांनी, हा श्रमण बरोबर असल्यामुळेच हे संकट आले, याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे, असा विचार केला. त्याच्या एका आश्रयदात्याने, आधी मला उतरवा, नाहीतर चीनच्या राजाला सारे सांगेन, असे बजावले म्हणून तो वाचला. समुद्रावर एकटा माणूस वाचतो तो बाजूने बोलणारा दुसरा एक असला तरच.

बडोद्यात १९१७ साली तसा एकही निघाला नाही. कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकून आलेला एक तरुण, संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याच्या स्थानकावर उतरला. पुढील हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे व वाचकांना ती मुखोद्गत आहे; म्हणून विस्तार करीत नाही. फक्त आपल्या विषयाच्या अंगाने तिच्याकडे पाहावे. परक्या नगरात एकट्याने उतरलेल्या माणसाला प्रथम कळावयास हवे असते ते हे की, रात्री कोठे टेकता येईल. त्यांना हिंदू खाणावळीत जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून दीड रुपया रोजावर माडीवरची खोली मिळाली; ओसाड दालन, मिणमिणता कंदील, वटवाघळे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेले. ओळखीच्या एका हिंदू व एका ख्रिस्ती गृहस्थाकडे विचारणा झाली. दोन्हीकडून सभ्य शब्दांत नकार आला. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले.

मथुरेत लाकूड चांडाळाच्या हातात होते, बडोद्यात ते दुसऱ्यांच्या हातात आले. दोन्ही वेळी त्याचे काम एकच होते. एका बाबतीत मात्र बडोद्याची स्थिती मथुरेहून वेगळी आहे. मथुरेच्या रस्त्यावर कोण कोण आहे हे आवाजाने कळत होते. १९१७ च्या बडोद्यात कोट-पाटलोण घातलेला बॅरिस्टरी अभ्यासक्रमाचा विद्यार्थी रस्त्याने गेला तर कोणी मान वळविली नसती. रस्ता त्याला बंद नव्हता, उंबरा बंद होता. फाहियान अनुराधपुरात एकटा होता आणि एका पंख्याने त्याला घर आठवले. बाबासाहेब बडोद्यात एकटे होते ते स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेच्या माणसांपासून फारसे दूर नसताना.

फाहियान आमच्या बाजूला आला नाही. दक्षिणेकडे ‘पारावत’ नावाचा, डोंगर कोरून केलेला पाच मजली विहार आहे, असे त्याने ऐकले होते. पण त्या देशाचे रस्ते अवघड, राजाला भेटी देऊन वाटाडे घ्यावे लागतात, म्हणून आपण जाऊ शकलो नाही, असे तो लिहितो. त्याच सुमारास विदर्भात वाकाटकांची सत्ता होती. नंदिवर्धनला गुप्तांची लेक प्रभावती, आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या वाशीमला, म्हणजे वत्सगुल्मला, दुसरी शाखा. वणीहून वर्धा नदी ओलांडली की भद्रावतीची विजासन लेणी लागतात. त्या रस्त्यावरून तेव्हा कोण चालत होते याची साक्ष देणारा एकही पादचारी आपल्याला लाभला नाही.

आजचा पादचारी मात्र ती साक्ष देऊ शकतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात एसटीतून उतरून पायी निघावे. चौकात मंदिर, पारावर मंडळी, मग दुकाने, मग शाळा. विहार बहुधा त्यापुढे, भीमनगर वा सिद्धार्थनगर अशी पाटी ओलांडल्यावर, रस्त्याच्या टोकाशी. १९५६ नंतर लोकांनी आपल्या मजुरीतून पैसा जमवून हे विहार बांधले. जागा होती ती वस्तीची, म्हणून ते वस्तीत बांधले. त्यात कमीपणा काही नाही. वर्षावासात तेथे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते, पौर्णिमेला माणसे जमतात, पांढऱ्या साडीतल्या उपासिका पुढे बसतात. फाहियानाने सांगितलेल्या तिथीच या आहेत. परंतु चारही रस्त्यांवरून येणारी माणसे तेथे येत नाहीत. एकाच रस्त्याची येतात. चौकात बाबासाहेबांचा पुतळा बसविण्यावरून गावोगाव जे तंटे झाले ते का झाले, हे ‘चातुम्महापथे’ हा शब्द डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे अधिक चांगले कळते.

पालीच्या विद्यार्थ्यांकडून या दिशेने काही काम व्हावे असे वाटते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत प्रत्येकाने आपल्या गावाचा पायी फिरून एक साधा आराखडा काढावा: विहार कोणत्या रस्त्यावर आहे, वेशीपासून किती पावलांवर, तेथवर जाताना कोणाच्या दारावरून जावे लागते, पौर्णिमेला कोणत्या गल्लीतून कितीजण आले, सार्वजनिक विहीर आणि नळ कोठे आहेत, आणि गाव झाडणाऱ्यांची घरे कोठे. शेवटची नोंद विसरू नये. अनुराधपुराची ती आपल्याला महावंसातून शोधून काढावी लागली. एका तालुक्याचे पन्नास आराखडे जमले तरी ते या संस्थेच्या ग्रंथालयात एकत्र ठेवता येतील. आराखड्यावर तारीख आणि चालण्याची वेळ लिहावी, कारण सकाळचा रस्ता आणि संध्याकाळचा रस्ता एकच नसतो.